‘क्रँ-ब्लां’ची १६ मिमी प्रिंट: डब्यातून पडद्यापर्यंत

४ ऑक्टोबर

डबा उघडला. आंबूस वास आला, पण नाक मागे घ्यावं लागेल इतका नाही. वरच्या वेटोळ्यांवर पांढरट बुरशी, आतली फिल्म बरीच स्वच्छ. झाकणावर इंग्रजी नाव, त्याखाली शिसपेन्सिलीने नुसतं ‘घोडा’. १६०० फुटी रीळ, कृष्णधवल, एका काठाला भोकं आणि दुसऱ्या काठाला ध्वनिपट्टी. निवेदन इंग्रजीत.

चित्रपट फ्रेंच दिग्दर्शक अल्बेर लामोरीस यांचा, १९५३ सालचा. दक्षिण फ्रान्समध्ये रोन नदी समुद्राला मिळते तिथल्या कामार्ग नावाच्या खाऱ्या दलदलीत चित्रित केलेला. रानटी घोड्यांचा कळप, त्याचा पांढरा म्होरक्या, त्याला पकडायला निघालेले घोडेस्वार गुराखी आणि एक कोळ्याचा पोरगा, फोल्को. त्या वर्षी कान महोत्सवात लघुपटांचं ग्रां प्री यालाच मिळालं. पिस्तूल नाही, शेरीफ नाही, पण वेस्टर्नमधलं बाकी सगळं आहे: फास, कोंडवाडा, पाठलाग, वेताला आग लावून सावज बाहेर काढणं.

रीळ आणि प्रोजेक्टर दोन्ही काकांचे. काका टूरिंग टॉकीजचे जुने ऑपरेटर, जत्राजत्रांतून तंबूबरोबर हिंडलेले. हा ऐवज त्यांनी भंगारात निघाला तेव्हा घेतला आणि माळ्यावर टाकला. आमच्या वाचनालयाच्या बालविभागाला जानेवारीत एक खेळ करायचा आहे, मराठी निवेदनासह. चित्रपट डीव्हीडीवर मिळतो, मग हा उद्योग कशाला, असं समितीत विचारलं गेलं. उत्तर एवढंच की पोरांनी डीव्हीडीसारखं खूप पाहिलंय, पण भोकं पाडलेली पट्टी दिव्यापुढून पळते आणि घोडा धावतो हे एकानेही पाहिलेलं नाही.

९ ऑक्टोबर

रीळ मशीनला लावण्याआधी दोन गोष्टी बघायच्या: आंबलंय किती आणि आकसलंय किती.

आंबल्याचं मोजायला बाहेर तयार पट्ट्या मिळतात, पण त्या मागवायच्या तर महिना जातो. त्या पट्ट्यांवरचं द्रव्य म्हणजे ब्रोमोक्रेसॉल ग्रीन, कॉलेजच्या कोणत्याही रसायन प्रयोगशाळेत असतं. ओळखीच्या सरांनी फिल्टर पेपर बुडवून, सुकवून दिले. डब्यात टाकून झाकण लावलं. निळ्याचा हिरवा झाला, पिवळा झाला नाही. म्हणजे अ‍ॅसिटेट (फिल्मचा प्लॅस्टिकचा पाया) विघटायला लागलंय, पण वेळ गेलेली नाही. काका म्हणाले डब्यात कापूर टाका. कापूर हा जुन्या, भडकणाऱ्या नायट्रेट फिल्मच्या घडणीतलाच घटक, त्या काळचा तोडगा. अ‍ॅसिटेटला वारा लागतो. झाकण सैल करून डबा सावलीत ठेवला.

आकसणं मोजायला पोलादी पट्टी आणि दोन टाचण्या पुरतात. १६ मिमी प्रिंटवर एका भोकापासून पुढच्या भोकापर्यंत ७.६२ मिमी, म्हणजे १०० भोकांना ७६२. आमच्या प्रिंटवर मधल्या भागात ७५६.५ भरले. पाऊण टक्क्याच्या खाली. एक टक्क्याच्या घरात गेलेली फिल्म प्रोजेक्टरच्या दात्यांवर चढत नाही, चढली तर फाटते. आमची काठावर आहे. सुरुवातीची वेटोळी जास्त आकसलीत, शेवटची कमी.

काकूंनी विचारलं, पेट घेणार नाही ना. नाही. पेट घ्यायची ती ३५ मिमी नायट्रेट. १६ मिमी १९२३ साली बाजारात आली तीच न भडकणाऱ्या बेसवर. आमची बेकरी सुरक्षित (काकांच्या घराखाली बेकरी आहे).

१५ ऑक्टोबर

बुरशी. एकच गोष्ट ध्यानात ठेवायची: पाणी नाही. बुरशी जिलेटिन खाते आणि उरलेलं जिलेटिन पाण्यात विरघळायच्या लायकीचं होतं. ओल्या फडक्याने पुसलं तर बुरशीबरोबर घोडाही पुसला जाईल.

आधी सुक्या मखमलीने, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती फडक्याने. दोन्ही हातांनी रिवाइंडर फिरवत, फडकं सारखं बदलत. फडक्याची जागा बदलायला आळस केला की आधी निघालेली घाण पुढच्या शंभर फुटांवर ओरखडे काढते. पहिल्या दीडशे फुटांवर नक्षी राहिलीच, ती आता इमल्शनमध्येच (चित्र धरणाऱ्या थरात) गेलेली आहे. पडद्यावर आकाशात ढगांसारखी दिसेल. कामार्गच्या आकाशात चालून जाईल.

खिडक्या उघड्या आणि पंखा चालू ठेवा. अल्कोहोलने डोकं दुखतं.

२२ ऑक्टोबर

प्रोजेक्टर उघडला. ब्रँड लिहीत नाही, ह्या जातीच्या बऱ्याच मशीनींचं दुखणं एकच आहे. मोटर फिरते, फिल्म हलत नाही, आतून टरटर आवाज. मुख्य दांड्यावरचा प्लॅस्टिकचा वर्म गिअर तडकलेला असतो. पोलादी नळीवर प्लॅस्टिक ओतलेलं. वर्षांनुवर्षांत प्लॅस्टिक आकसतं, नळी आकसत नाही, मग प्लॅस्टिक फाटतं. आमचा तीन जागी फाटलेला, हातात घेतल्यावर दोन तुकडे झाले.

परदेशातून गिअर येतो, पण टपाल आणि जकात धरून मशीनच्या किमतीच्या वर जातो. शिवाजी उद्यमनगरात जायचं ठरलं. ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या मंडळींनी आख्खा सिनेकॅमेरा लेथवर घडवला, तिथे एक गिअर व्हायला काय हरकत आहे.

बाकी तपासणी: रबरी बेल्ट चिकट होऊन गळलेले. दिवा २४ व्होल्ट, २५० वॅट हॅलोजन, जिवंत. ध्वनीचा छोटा दिवा, ४ व्होल्टचा, गेलेला. गेटमध्ये (फिल्म दिव्यापुढून सरकते त्या चौकटीत) जुन्या इमल्शनचा खडक. तो बांबूच्या काडीने काढला. स्क्रू-ड्रायव्हर लावायचा मोह होतो, पण गेटवर एक चरा पडला तर तो प्रत्येक फ्रेमवर उमटतो.

२ नोव्हेंबर

दिवाळीत उद्यमनगर बंद, त्यामुळे उशीर.

लेथवाले मामा फाटका गिअर बघून म्हणाले, “प्लॅस्टिकचं कौतुक मला सांगू नगा. पितळंचा करतो, तुमच्या नातवापतुर चालंल.” केला. देखणा झाला. बसवला, भंगारातली जाहिरातीची फिल्म लावून चालवला. (अशी निरुपयोगी फिल्म हाताशी असलीच पाहिजे, दुरुस्तीनंतर पहिला मान तिचा.) चालला, पण खडखडाट मिक्सरसारखा. थोड्या वेळाने खाली पाहिलं तर तपकिरी पावडर. पितळ समोरच्या फायबरच्या गिअरला खात होतं. तो गिअर गेला असता तर मशीनच गेलं होतं.

पितळेचा आता मामांच्या टेबलावर पेपरवेट आहे.

११ नोव्हेंबर

दुसरा गिअर डेल्रिनचा. मामांना प्लॅस्टिक कापणं कमीपणाचं वाटतं, पण आटे काय सुरेख काढलेत. ह्यावेळी नळीवर घट्ट ठोकला नाही. आत किंचित फट ठेवून बारीक ग्रब स्क्रूने धरला, म्हणजे पुढे आकसला तरी फाटणार नाही. आवाज शिवणयंत्राइतका. फायबर शाबूत.

मग नवीनच प्रकार. भंगार फिल्मवरची पांढरी अक्षरं वरच्या दिशेने धूर सोडायला लागली, प्रत्येक अक्षराला शेपूट. कारण कळायला संध्याकाळ गेली. फिल्म पुढच्या फ्रेमवर सरकत असते तेवढा वेळ शटरच्या पात्याने दिवा झाकायचा असतो. गिअर काढून बसवताना पातं दात्याच्या हिशेबात पुढेमागे झालं, तर फिल्म अजून सरकत असतानाच उजेड पडतो आणि पांढरं पसरतं. करड्या चित्रात हे खपूनही जाईल. आमच्या चित्रपटात काळ्या चिखलातून पांढरा घोडा पळतो, त्याची आयाळ आभाळापर्यंत गेली असती.

उपाय: गिअर सैल करून पातं एक दाता मागे. अक्षरं जागेवर आली. पुढच्या माणसासाठी: खोलायच्या आधी पातं आणि नखं (फिल्म ओढतात ती) कोणत्या स्थितीत आहेत त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि दांड्यावर रंगाची खूण करा.

१९ नोव्हेंबर

जोडकाम. प्रिंटवर जुने जोड तीन प्रकारचे निघाले. सिमेंटचे (फिल्म चिकटवायच्या द्रवाचे), वाळून कडक, वाकवले की सुटणारे. फिल्मच्या खास टेपचे, हे उत्तम. आणि कुणीतरी स्टेशनरीच्या दुकानातल्या सेलोटेपने केलेले. त्यांचा गोंद पिवळा होऊन शेजारच्या वेटोळ्याला चिकटला होता. अल्कोहोलने भिजवत, नखाने नव्हे तर कागदाच्या कडेने सोडवले. एकही फ्रेम गेली नाही.

सगळ्यात वाईट भाग फोल्को फास टाकतो तिथला. घोडा दोरासकट पळतो, पोरगा दोर सोडत नाही, पोटावर पालथा पडून उथळ पाण्यातून, चिखलातून फरफटत जातो. दोन फूटभर भोकांचे काठ तुटलेले. ह्याच ठिकाणी फिल्म नेहमी अडकत असावी, कारण लागून आधीचे दोन जोडही आहेत. भोकांची तयार पट्टी असलेली टेप पाठीच्या बाजूने लावून काठ पुन्हा उभे केले. इथे घाई चालत नाही. टेप भोकापासून केसभर सरकली तरी नखं तिच्यावर आपटतात.

टेप हीच सगळ्यात महाग गोष्ट ठरली. एक रीळ साडेतीन हजारांना पडलं.

२८ नोव्हेंबर

पहिल्यांदा पूर्ण प्रिंट चालवली, काकांच्या हॉलच्या भिंतीवर. काका स्टुलावर, बोट खालच्या लूपपाशी (गेटखाली फिल्म ढिली सोडलेली असते तिथे). चालली!

घड्याळ लावलं होतं: ३८ मिनिटं ५० सेकंद. पुण्याच्या मित्राने फ्रान्समधून आणलेली डीव्हीडी आहे, ती सुमारे ३८ मिनिटं २५ सेकंदांची. म्हणजे आमची प्रिंट डीव्हीडीपेक्षा लांब! क्षणभर वाटलं, घबाड हाती लागलं, कुठेही नसलेला तुकडा आपल्याकडे आहे. मग दृश्य दृश्याला लावून पाहिलं तर उलटंच, प्रिंटमध्येच तुकडे कमी.

घोळ वेगाचा आहे. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चालतो. युरोपातली ‘पाल’ (PAL) पद्धतीची डीव्हीडी त्याच फ्रेम २५ ने पळवते, म्हणून सगळं चार टक्क्यांनी आटोपतं. ३८:२५ ला २५ ने गुणून २४ ने भागलं की ४० मिनिटं येतात. म्हणजे आमच्याकडे एक मिनिट दहा सेकंद कमी. १६ मिमीचे एका फुटात ४० फ्रेम, मिनिटाला ३६ फूट, त्या हिशेबाने सुमारे ४२ फूट गेले. जुनी प्रिंट आणि डीव्हीडी ताडून बघणाऱ्याने आधी डिस्क कोणत्या पद्धतीची ते पाहावं.

काय गेलंय: नामावलीचा तुकडा, फरफटीतल्या काही फ्रेम, कोंडवाडा मोडून घोडा निसटतो तिथली एक झेप आणि शेवट. शेवट गेला हे वाईट. फोल्को घोड्यावर बसून पाण्यात शिरतो, काठावरचा मालक ओरडतो की घोडा तुझा, परत ये, पण तोवर त्याच्या शब्दावर विश्वास उरलेला नाही. दोघं पोहत लांब जातात. आमची प्रिंट ते काठाजवळ असतानाच पांढरी होते. रिळाची शेपटी अशीच झिजते, प्रत्येक खेळाला थोडी थोडी.

५ डिसेंबर

ध्वनी. छोटा दिवा बदलला (एका मित्राच्या मोडक्या मशीनमधला), आवाज आला. संगीत भरड, पण टापा खणखणीत.

प्रत्येक जोडाला ‘ठप्प’. १६ मिमीमध्ये चित्राचा आवाज २६ फ्रेम पुढे छापलेला असतो, कारण फिल्म आधी गेटमधून जाते आणि नंतर ध्वनीच्या ड्रमवर. त्यामुळे जोडाला चित्र उडी मारतं आणि सेकंदाने ठप्प ऐकू येतं. लहान मुलं दचकतील. इलाज जुना आहे: जोडावर ध्वनिपट्टीपुरता काळा त्रिकोण रंगवायचा, म्हणजे आवाज एकदम तुटत नाही, उतरतो आणि चढतो.

काळ्या मार्करने रंगवलं. ठप्प तसंच. दोनदा रंगवलं, तसंच. डोळ्याला मार्कर काळाकुट्ट दिसतो, पण त्यातला रंग अवरक्त उजेड आरपार सोडतो आणि प्रोजेक्टरमधला सेल नेमका तोच उजेड जास्त ओळखतो. त्याच्या लेखी तिथे काहीच नव्हतं. मार्कर अल्कोहोलने पुसून ड्रॉइंगची कार्बनवाली चिनी शाई लावली. ठप्पचं ‘फुप्’ झालं. शाईची बाटली चाळीस रुपये.

१३ डिसेंबर

निवेदन. इंग्रजी निवेदन, संगीत आणि टापा एकाच पट्टीवर असल्याने इंग्रजी तेवढं काढता येत नाही. दिवा विझवून पूर्ण मुका करायचा पर्याय होता; करून पाहिला आणि सोडला. दोन घोडे मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांना चावतात तो भाग आवाजाशिवाय बघवत नाही, खोटा वाटतो. ठरलं असं की निवेदक बोलेल तेवढ्यापुरता आवाज हाताने खाली, मग वर.

निवेदनाला शाळेतल्या बाई. आवाज उत्तम, गोष्ट सांगायची हौस. डीव्हीडीवर तालीम करून आल्या होत्या, सेकंदासेकंदाला वाक्य बसवून. प्रिंटवर पाच मिनिटांत गाडी घसरली. डीव्हीडी वेगाने पळते, प्रिंट सावकाश. त्यात मधले तुकडे नाहीत. बाई आगीबद्दल बोलतायत आणि पडद्यावर फोल्को जाळं सुकवतोय. काका अंधारातून, “बाई, आग लागायला अजून वेळ आहे.”

मग भिंतीवरच्या प्रक्षेपणाचाच मोबाइलने व्हिडिओ काढून बाईंना दिला. फडफडतो, पण आमच्या प्रिंटचा, तिच्या उड्यांसकट. संहिता वेळेवर नव्हे तर दृश्याच्या खुणांवर बांधली: ‘टोपीवाला वळतो’, ‘सशामागे वाळूत घोडा’, ‘वेतातून धूर’. इंग्रजी निवेदनाचं भाषांतर फेकून दिलं. ते निवेदन वर्णन फार करतं, पडद्यावर दिसतंय तेच पुन्हा. बाईंनी घोड्याच्या झुंजीत एक शब्द ठेवलेला नाही. मला वाटतं अजूनही थोडं जास्त आहे, पण मी निवेदक नाही.

कागद वाचायला टॉर्च लागतो, त्याचा उजेड पडद्यावर जातो. टॉर्चला लाल जिलेटिन.

२१ डिसेंबर

हक्क. आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणून १९५३ चं काही विचारायला नको, असं एकाने सांगितलं. पण पटकथा आणि संगीत यांचे हक्क वेगळे, ते लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. लामोरीस १९७० मध्ये इराणवर चित्रण करताना हेलिकॉप्टर अपघातात गेले. म्हणून हक्कदारांना रीतसर पत्र लिहिलं. उत्तर यायला वेळ लागला, पण आलं: विनातिकीट एक खेळ, चालेल.

खेळाआधी बोलायची पाच मिनिटं माझ्याकडे आहेत. काय सांगायचं ते ठरवलं. कामार्ग हा भाग फ्रेंच वेस्टर्नचं जुनंच मैदान आहे. १९१० च्या आसपास जो हामाँ नावाचा नट अमेरिकेत काउबॉयांत राहून परत आला आणि गोमाँ कंपनीसाठी झाँ द्यूराँ यांच्या दिग्दर्शनाखाली तिथे घोड्यांचे चित्रपट करू लागला. घोडे-बैल पुरवायला मार्की फोल्को द बारोंसेली होते, स्वतः कळप पाळणारे. चित्रपटातल्या पोराचं नावही फोल्कोच. लामोरीस यांच्याबरोबर पटकथेवर काम केलेले दनी कोलों द दोनां हेही तिथलेच, घोडे पाळणारे. त्यामुळे ह्यातले गुराखी वेशभूषेतले वाटत नाहीत. उंच पाठीचं खोगीर, पिंजऱ्यासारखी बंद रिकीब, हातात त्रिशूळ लावलेला लांब दांडा: हा त्यांचा रोजचा सरंजाम.

आणखी एक, पोरांना आवडेल असं: तिथली शिंगरं जन्मतः काळपट असतात, मोठी होता होता पांढरी होतात. पटावरचा ‘रिस्क’ हा खेळ ह्याच लामोरीस यांनी १९५७ मध्ये आणला, हेही सांगणार होतो. पण मग खेळाबद्दलच विचारत बसतील. काढलं.

३० डिसेंबर

शेवटाचा प्रश्न. तीन पर्याय होते. पांढऱ्या पडद्यावर बाईंनी शेवट सांगावा. मला हा आवडत होता, समितीला नाही. शेवट नसलेलाच दाखवावा; कुणालाच नाही. तिसरा, शेवटचं अर्धं मिनिट डीव्हीडीवरून, व्हिडिओ प्रोजेक्टरने. परवानगीत तेही विचारून घेतलेलं आहे.

पहिल्या प्रयत्नात भयानक दिसलं. हॅलोजनचा पिवळसर घोडा एकदम निळा झाला आणि पडदा दुप्पट उजळला. व्हिडिओ प्रोजेक्टरच्या मेनूत रंग ‘वॉर्म’, ब्राइटनेस निम्म्याच्या खाली, तरी उजेड जास्तच. भिंगापुढे खिडकीच्या जाळीचा तुकडा धरला तेव्हा जुळलं.

बदल मात्र काकांनी हातात घेतला. दोन मशीनवर रिळं बदलण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. ३५ मिमीला उजव्या कोपऱ्यात दोन ठिपके येतात, पहिल्याला दुसरं मशीन सुरू, दुसऱ्याला उजेड बदलायचा. इथे फिल्मवर ठिपका पाडायचा नाही, म्हणून त्यांनी खूण पडद्यावरच निवडली: घोड्याचं पोट पाण्याला लागलं की डीव्हीडी चालू, पण भिंगावर पुठ्ठा, फोल्कोचा गुडघा बुडाला की एका हाताने इकडचा पुठ्ठा उचलायचा, दुसऱ्या तळव्याने तिकडचं भिंग झाकायचं. मी दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा पडद्यावर काळं. काका करतात तेव्हा पाणी हलत राहतं.

१० जानेवारी

सभागृहात रंगीत तालीम. व्होल्टेज खालीवर, दिवा धापा टाकत होता. पिठाच्या गिरणीचा भार त्याच लाइनवर. स्टॅबिलायझर भाड्याने घेतला. नवीन बेल्ट थोडा ढिला होता, रीळ गुंडाळणारं चाक शेवटी थकायचं आणि फिल्म जमिनीवर. बेल्ट अर्ध्या इंचाने आखूड करून घेतला.

प्रोजेक्टर पोरांच्या मधोमध ठेवायचा, केबिनमध्ये नाही. आवाज येईल. येऊ दे. तो बघायलाच तर बोलावलंय. फक्त भोवती बाकांचं कुंपण.

१७ जानेवारी

खेळ झाला. सभागृह भरलं, मागे मोठी माणसंही उभी.

फरफटीच्या दृश्यात, जिथे भीती होती तिथेच, खालचा लूप सुटला. चित्र थरथरायला लागलं. काकांनी मशीन थांबवलं नाही. आधीच ठेवलेल्या अंगठ्याने लूपची कळ दाबली, दोन सेकंदांत चित्र बसलं. आवाज काही फ्रेम सरकला असणार, पण ह्या चित्रपटात ओठ हलवून बोलणं जवळजवळ नाहीच. कुणाला कळलं नाही. टेपचे काठ टिकले.

बाईंनी आगीच्या आधी एक वाक्य गाळलं आणि नंतर सांगितलं की मुद्दाम गाळलं, पोरं आधीच ओरडत होती.

मागे एक म्हातारे टांगेवाले होते, घोडागाडी शर्यतीतले. चित्रपट संपल्यावर मशीनपाशी आले. “पोरगं बिनखोगिराचं बसलंय, लगाम न्हाई, आयाळ धरलीय. कुठं धरलीय बघितलंसा? खांद्यापाशी. वर धरली असती तर पडला असता. त्याला कुणीतरी शिकवलंय.” मग काकांशी जत्रेतल्या तंबूंवर बोलत बसले. मला रीळ गुंडाळायचं होतं.

बदल? झाला. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, शेवटी घोडा एकदम जास्त पांढरा का झाला. जाळी अजून जाड हवी होती.

२६ जानेवारी

हिशेब. टेप ३५००. गिअरचे १८००, मामांनी पितळेचे पैसे घेतले नाहीत. अल्कोहोल आणि फडकी ६५०. बेल्ट ४००. स्टॅबिलायझरचं भाडं ५००. शाई ४०. सभागृह वाचनालयाचंच. जास्तीचा हॅलोजन दिवा ९०० चा घेतला होता, तो लागला नाही, तसाच आहे.

खेळानंतर पुन्हा मोजलं: १०० भोकांना ७५६ च्या थोडं वर. दिव्याच्या उष्णतेने असेल किंवा पट्टी धरण्यातला फरक असेल. काहीही असो, ही प्रिंट आता पुन्हा चालवायची नाही. नवीन डबा घेतला, हवा खेळती राहील असा, आत ओलावा आणि आम्ल शोषणाऱ्या पुड्या. डबा काकांच्या माळ्यावरून उतरून वाचनालयाच्या तळमजल्यावरच्या थंड खोलीत गेला. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पत्र टाकायचं काम माझ्याकडे आहे. काकांची हरकत नाही, फक्त जुनं झाकण टाकून देऊ नका म्हणाले, त्यावर ‘घोडा’ त्यांच्या अक्षरात आहे.

प्रोजेक्टर मात्र धडधाकट आहे आणि दुसरी रिळं आहेत. मामांनी डेल्रिनचा आणखी एक गिअर करून ठेवलाय. कुणाकडे ह्याच जातीचं मशीन टरटरत पडलं असेल तर फाटका गिअर फेकू नका, तुकडे पुडीत बांधून घेऊन या. आतल्या नळीचं माप त्यावरूनच लागतं.